स्कॅजिटचा पूल आणि १४ फुटांची रेघ

२३ मे २०१३, गुरुवार. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मे महिन्यात उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सात वाजून गेले तरी लख्ख दिसत होतं. सिएटलच्या उत्तरेला, माउंट व्हर्नन आणि बर्लिंग्टन या दोन गावांच्या मध्ये, आय-५ महामार्ग स्कॅजिट नदी ओलांडतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातून निघालेला एक ट्रेलर दक्षिणेकडे चालला होता. त्याच्यावर तेलविहिरीच्या कामासाठी लागणारी एक भलीमोठी लोखंडी शेड लादलेली होती. पुढे रस्ता बघत जाणारी पायलट गाडी, हातात राज्य सरकारचं परमिट. ट्रेलर पुलात शिरला आणि शेडचा वरचा उजवा कोपरा पुलाच्या डोक्यावरच्या आडव्या लोखंडाला एकापाठोपाठ एक धडकत गेला. ट्रेलर पुढे निघून गेला. त्याच्या मागे पुलाचा उत्तरेकडचा गाळा खचून नदीत बसला. पुलावर असलेल्या दोन गाड्या त्याबरोबर पाण्यात गेल्या. त्यांतल्या तिघांनाही बाहेर काढता आलं. कोणी दगावलं नाही.

माणसं वाचली, त्यामुळे हे प्रकरण अपघाताच्या बातम्यांतून लवकर बाहेर पडलं. पण कोर्टात ते वर्षानुवर्षं चाललं. उंच माल घेऊन जाणारा ट्रक बुटक्या पुलाला धडकला तर पैसे कोणी भरायचे, या प्रश्नाच्या सगळ्या गाठी या एका प्रकरणात सापडतात. म्हणून ते सावकाश उलगडून पाहण्यासारखं आहे.

पुलाचा आकार

हा पूल १९५५ साली वाहतुकीला खुला झालेला, लोखंडी कैच्यांचा, म्हणजे त्रिकोणी जोडणीच्या सांगाड्यांचा. रस्ता कैच्यांच्या पोटातून जातो, म्हणजे दोन्ही बाजूंना आणि डोक्यावरही लोखंड. डाव्या-उजव्या कैच्या एकमेकींना धरून ठेवायला वरून आडव्या जोडण्या होत्या आणि त्या सरळ नव्हत्या, कमानदार होत्या. रस्त्याच्या मध्याशी डोक्यावर १७ फुटांहून जास्त जागा, आणि कडेला आलं की कमान खाली उतरत १५ फुटांच्याही आत. जुन्या वाड्याच्या दरवाजातून पालखी काढताना भोई ती मधोमध धरतात, कडेने नेली तर छत्री अडकते. नेमकं तसंच.

आता यातली गोम बघा. जास्त रुंदीचा, जास्त उंचीचा माल नेणारा ड्रायव्हर सवयीने उजव्या, म्हणजे कडेच्या लेनमधून जातो. अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तेव्हा संथ गाडीने उजवीकडे राहायचं ही शिस्तच आहे. या पुलावर मात्र शिस्तीची लेन हीच सगळ्यांत बुटकी होती. हाच ट्रेलर डाव्या लेनने गेला असता तर शेडवर ओरखडाही उठला नसता. पण त्याच वेळी डावीकडून दुसरा एक ट्रक पुढे काढत होता. आपल्याला उजवीकडे दाबलं गेलं, असं ट्रेलरच्या ड्रायव्हरचं म्हणणं होतं.

आणखी एक गोष्ट. हा पूल असा बांधलेला होता की त्याचा एखादा महत्त्वाचा भाग तुटला तर भार उचलायला दुसरा भाग नाही. अशा पुलांना अभियंत्यांच्या भाषेत वेगळं नाव आणि वेगळी तपासणी असते. अशा पुलाला डोक्यावर लागलेला मार म्हणजे नुसता पोचा पडून सुटका नव्हे. आणि या पुलाला मार लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्याआधी, ऑक्टोबर २०१२ मध्येही एका उंच मालाने त्याच्या लोखंडाला धडक दिली होती.

काठी

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत बोलकी वाटते ती पायलट गाडीवरची काठी. आपल्याकडे ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा, माल नेताना पुढे जीप असते, लाल झेंडे असतात, एखादा माणूस बांबूने विजेच्या तारा वर उचलतो. तिकडे पायलट गाडीच्या पुढच्या बाजूला एक लवचीक उभी काठी बसवतात आणि ती मालाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त ठेवतात. वॉशिंग्टनच्या नियमानुसार ही काठी मालाच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा ३ ते ६ इंच उंच असली पाहिजे. काठी वरच्या लोखंडाला टेकली की ती वाकते, आवाज होतो, पायलटला कळतं, तो वायरलेसवर मागच्या ट्रकला सांगतो. इतकी साधी सोय.

इथे परमिटवर मालाची उंची लिहिली होती १५ फूट ९ इंच. अपघातानंतर तपासनिसांनी मोजली ती भरली १५ फूट ११ इंच. काठी होती १६ फूट २ इंचांवर. म्हणजे कागदावरच्या उंचीपेक्षा ५ इंच जास्त, खऱ्या उंचीपेक्षा ३ इंच जास्त. दोन्ही हिशोबांनी काठी नियमात बसत होती. पुलाच्या कडेची उंची तिच्यापेक्षा फूटभराहून कमी होती. काठी तिथून गेली असेल तर ती लोखंडाला लागायलाच हवी होती. एका साक्षीदाराने ती लागताना पाहिल्याचं सांगितलं. पायलटचं म्हणणं, लागली नाही. पायलट त्या वेळी फोनवर बोलत होती, हातात न धरता, पण बोलत होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जुलै २०१४ मध्ये जो अहवाल मंजूर केला त्यात हे फोनवरचं बोलणं आणि त्यामुळे ढळलेलं लक्ष ठळकपणे आलं आहे.

आणि समजा काठी लागली, पायलटने ताबडतोब ओरडून सांगितलं, तरी काय? ताशी ६० मैल वेगाने गाडी दर सेकंदाला ८८ फूट पुढे जाते. काठी वाकली, डोक्यात प्रकाश पडला, वायरलेस उचलला, मागच्याने ऐकलं, त्याने ब्रेकवर पाय ठेवला. यात तीन-चार सेकंद सहज जातात, म्हणजे तीनशे फूट तिथेच संपले. मग लादलेला ट्रेलर थांबायला लागणारं अंतर वेगळंच. मंडळाचा निष्कर्ष असा की पायलट आणि ट्रक यांच्यामधलं अंतर इतकं कमी होतं की इशारा मिळूनही ट्रक थांबू शकला नसता. म्हणजे काठी होती, नियमात होती, आणि तरी तिचा उपयोग शून्य होता.

मंडळ काय म्हणालं, आणि ते कोर्टात का चालत नाही

मंडळाने दोष एकट्या ड्रायव्हरवर ढकलून मोकळं व्हायचं टाळलं. पायलटने कामात कसूर केली, अंतर कमी ठेवलं, वाहतूक कंपनीने मार्गाची नीट पाहणी केली नाही, हे तर आलंच. शिवाय राज्याच्या परिवहन खात्याने जास्त उंचीच्या मालाचे अर्ज पुरेसे तपासले नाहीत आणि पुलाआधी कमी उंचीचा इशारा देणारा फलक लावला नव्हता, हेही अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं.

सामान्य वाचकाला वाटेल, झालं, आता हा अहवाल कोर्टात ठेवायचा आणि खात्याच्या वाट्याला दोष लावून घ्यायचा. पण अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. मंडळाचं काम पुढचा अपघात टाळणं, कोणाकडून किती वसूल करायचं हे ठरवणं नव्हे. लोकांनी मंडळासमोर मोकळेपणाने बोलावं यासाठी ही भिंत घातलेली आहे. तपासनिसांनी गोळा केलेली वस्तुस्थिती, मापं, नोंदी वेगळ्या वाटेने पुराव्यात येऊ शकतात, पण 'संभाव्य कारण' म्हणून मंडळाने जे वाक्य लिहिलं ते ज्युरीच्या कानावर जात नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने जो निकाल मनात पक्का केलेला असतो, त्याला कोर्टाच्या दारातच बाहेर थांबावं लागतं.

परमिट म्हणजे हमी नव्हे

वॉशिंग्टनमध्ये वाहनाची कायदेशीर उंची मालासकट १४ फूट, म्हणजे साधारण ४.२७ मीटर. त्याच्यावर गेलं की खास परमिट. या ट्रेलरकडे ते होतं, आय-५ या मार्गासाठीच होतं, उंचीचा आकडाही त्यात होता. मग वाहतूक कंपनीचा युक्तिवाद आपोआप उभा राहतो: तुम्हीच परवानगी दिली, उंची तुम्हाला माहीत, पूल तुमचा, त्याची मापं तुमच्या कपाटात. आम्ही कॅनडाहून येणारे, आम्हाला तुमच्या कमानी कुठून ठाऊक?

ऐकायला हे पटतं. पण परमिट ऑनलाइन, आपोआप निघणारं होतं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की उंचीच्या मोकळ्या जागेची हमी खातं देत नाही. कायद्याच्या नजरेत परमिट म्हणजे १४ फुटांच्या मर्यादेतून दिलेली सूट. त्याने एवढंच होतं की १५ फूट ९ इंचांचा माल रस्त्यावर आणणं हा गुन्हा राहत नाही. वाटेतले पूल त्या मालाला पुरतील का, हे बघण्याचं काम परमिट स्वतःकडे घेत नाही. आणि राज्याच्या कायद्यात, त्याच उंचीच्या कलमात, कलम ४६.४४.०२० मध्ये, वाहनाचा मालक किंवा चालक यांनी आपण जातो त्या रस्त्यावर वर पुरेशी जागा आहे की नाही याची योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे, असं बजावलेलं आहे.

मार्ग पाहणी म्हणजे काय? कोणीतरी आधी त्या रस्त्याने जाऊन, किंवा खात्याच्या यादीत प्रत्येक पुलाची, प्रत्येक लेनची उंची बघून, कागदावर लिहायचं: इथे डावी लेन धरा, इथे मध्ये या. स्कॅजिटसाठी एवढं एक वाक्य पुरलं असतं. मालवाहतुकीत मुरलेला माणूस हे वाचून मान हलवेल. मार्ग पाहणीला वेळ लागतो, त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, आणि मागच्या वेळी गेलो तेव्हा काही झालं नव्हतं.

१४ फुटांची रेघ

आता या प्रकरणाचा खरा कायदेशीर गाभा. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, आणि तिनेच सगळा खेळ फिरवला. रस्त्यावरच्या एखाद्या बांधकामाखाली १४ फूट किंवा जास्त मोकळी जागा असेल तर त्या बांधकामाच्या अस्तित्वामुळे झालेल्या कोणत्याही नुकसानीबद्दल राज्यावर, कौंटीवर (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यावर), शहरावर दायित्व येणार नाही. जागा १४ फुटांपेक्षा कमी असेल तर इशाराफलक लावले की दायित्व नाही. म्हणजे १४ फुटांच्या खाली असाल तर पाटी लावा, १४ फुटांच्या वर असाल तर पाटीचीही गरज नाही.

स्कॅजिटच्या पुलाची सगळ्यांत खालची कड बुटकी होती, पण १४ फुटांच्या वर होती. थोडीच वर, पण वर. मंडळाने जी पाटी नसल्याबद्दल बोट दाखवलं, ती पाटी या कलमानुसार खात्याला दायित्वातून सुटण्यासाठी लागतच नव्हती.

पूल पडल्यावर राज्याने वाहतूक कंपनी मुलन ट्रकिंग, पायलट आणि इतरांविरुद्ध स्कॅजिट कौंटीच्या कोर्टात दावा लावला. मागणी दीड कोटी डॉलरांच्या वरची. प्रतिवादींनी उत्तर दिलं: ठीक आहे, आमची चूक ज्युरी ठरवेल, पण दोषाची वाटणी करताना परिवहन खात्याचाही वाटा काढा.

वॉशिंग्टनमध्ये १९८६ पासून दोषाच्या टक्क्यांनी भरपाई वाटायची पद्धत आहे. ज्युरी प्रत्येकाला टक्के देते आणि साधारणपणे ज्याने त्याने आपापल्या टक्क्यांपुरतं भरायचं. शिवाय या वाटणीच्या कलमात, ज्यांना दायित्वापासून संरक्षण आहे अशांनाही टक्के देता येतात असं म्हटलेलं आहे. म्हणजे ज्याच्याकडून दमडी वसूल करता येत नाही, त्याच्या नावावरही दोष चढवता येतो, आणि तेवढा भाग इतरांच्या डोक्यावरून उतरतो. प्रतिवादींची सगळी भिस्त यावर होती.

याचा परिणाम एका काल्पनिक हिशोबाने बघू. समजा नुकसान १०० रुपये. ज्युरीने खात्याला ३०, कंपनीला ४०, पायलटला ३० टक्के दिले. मग खातं स्वतःचे ३० सोडून देतं, कंपनीकडून ४० मागतं, पायलटकडून ३०. पायलटकडे पैसे नसले तर ते ३० बुडाले. आता खात्याला शून्य टक्के दिले असं धरा. वाटणी झाली कंपनी ६०, पायलट ४०. पण इथे दुसरी एक तरतूद जागी होते. ज्याचं नुकसान झालं तो स्वतः पूर्ण निर्दोष ठरला, तर ज्यांच्याविरुद्ध निकाल लागला ते सगळे मिळून आणि एकेकटेही संपूर्ण रकमेला जबाबदार. म्हणजे पायलटकडे काही नसलं तरी राज्य १०० च्या १०० कंपनीकडून घेऊ शकतं. खात्याच्या नावावर १ टक्का चढला की हा हक्क गेला. भांडण ३० टक्क्यांचं दिसत होतं, पण खाली डाव सगळ्या रकमेचा होता.

प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला, तो खात्याच्या बाजूने. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: उंचीच्या कलमात विधिमंडळाने म्हटलं आहे की दायित्व 'लागूच होणार नाही'. जिथे दायित्व जन्मालाच येत नाही तिथे दोष वाटायला आधार कुठला? हे नेहमीसारखं संरक्षण नव्हे, की दोष आहे पण वसुली होत नाही. अशा पुलाच्या बाबतीत खातं टक्केवारीच्या हिशोबात येतच नाही.

मला काय वाटतं

कलमाच्या शब्दांशी निकाल प्रामाणिक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी वाचताना खटकतं. आपला पूल कडेला किती बुटका आहे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, जो १५ फूट ९ इंचांच्या मालाला त्याच पुलावरून जायची परवानगी देतो, आणि ज्याचा संगणक हे दोन आकडे शेजारी ठेवून बघत नाही, त्याच्या वाट्याला शून्य. पूल १४ फुटांच्या रेघेच्या वर काही इंच आहे, एवढ्यावरून. परमिट देण्याचं काम वेगळं आणि पूल असण्याचं वेगळं, अशी फोड करून परमिटच्या निष्काळजीपणापुरतं तरी खात्याला वाटणीत ओढायला हवं होतं, असं मला वाटतं. कलम बोलतं ते 'बांधकामाच्या अस्तित्वामुळे' झालेल्या नुकसानीबद्दल. चुकीचं परमिट हे बांधकाम नव्हे.

पण दुसरी बाजूही मला सोडवत नाही. त्या दिवशी मोजपट्टी कोणाच्या हातात होती? मालाची उंची खात्याला कागदावरून कळत होती, आणि तो कागदच दोन इंचांनी चुकला होता. परमिटं रोज निघतात, प्रत्येक ट्रकच्या डोक्यावर किती जागा राहील हे खात्याने बघायचं म्हटलं तर खातं प्रत्येक धडकेची विमा कंपनी होऊन बसेल. विधिमंडळाने रेघ ओढली ती याच भीतीपोटी असणार: रेघेच्या वरचा प्रत्येक इंच ट्रकवाल्याचा. कडक आहे, पण निदान कोणाला काय बघायचं आहे हे स्वच्छ आहे. मंडळाने दोष शोधला, कोर्टाने देणेकरी शोधला, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत. तशी ती जुळावीत अशी व्यवस्थेची अपेक्षाही नव्हती.

डावीकडून पुढे काढणारा दुसरा ट्रकही या भांडणात ओढला गेला. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शेजारून गाडी जाते म्हणून आपण बुटक्या कडेला सरकलो, हा बचाव ज्याने आधी लेन ठरवलेलीच नव्हती त्याच्या तोंडी फिका पडतो.

पैशांचा भाग

वॉशिंग्टनच्या दुसऱ्या एका कलमात, ४६.४४.११० मध्ये, बेकायदा किंवा निष्काळजीपणे वाहन चालवून रस्त्याचं किंवा पुलाचं नुकसान केलं तर चालक जबाबदार, आणि चालक मालक नसेल पण मालकाच्या परवानगीने चालवत असेल तर दोघंही मिळून जबाबदार, असं आहे. या कलमातली आणखी एक गोष्ट वाहतूकदारांच्या लक्षात क्वचित येते: परिवहन खातं नुकसानीचा जो आकडा काढतं तो कोर्टात प्रथमदर्शनी खरा मानला जातो. तो चुकीचा आहे हे दाखवायचं ओझं प्रतिवादीवर. पूल ५८ वर्षांचा होता, मग नव्याची किंमत आमच्याकडून का, असं विचारायला प्रतिवादी मोकळा असतो, पण आकडे आणि तज्ज्ञ त्याने आणायचे.

नुकसानीत नुसतं लोखंड नव्हतं. या रस्त्यावरून दिवसाला सुमारे ७१,००० वाहनं जात होती आणि आय-५ ही कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी धमनी. आधी तात्पुरता गाळा बसवला, तो १९ जून २०१३ ला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, खुला झाला. मग शेजारी कायमचा गाळा बांधून सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्रीत तो सरकवून जागेवर नेला. दोन वेळा पूल बांधण्याचा, वाहतूक गावातून वळवण्याचा खर्च, सगळं त्या दीड कोटीवरच्या आकड्यात. या काळात बर्लिंग्टनमधल्या ज्या दुकानदारांचा धंदा बसला, त्यांना मात्र साधारण नियमाने ट्रक कंपनीकडून काही मिळत नाही. स्वतःच्या वस्तूला धक्का न लागता झालेला निव्वळ आर्थिक तोटा सहसा भरून मिळत नाही.

आणि याच्या शेजारी हा आकडा ठेवा: अमेरिकेत साधा, धोकादायक नसलेला माल राज्याराज्यांतून नेणाऱ्या मोठ्या ट्रकचा किमान दायित्व विमा संघीय नियमानुसार साडेसात लाख डॉलर, आणि तो १९८० च्या दशकापासून बदललेला नाही. पूल दीड कोटीच्या वर. मोठ्या कंपन्या किमानापेक्षा बराच जास्त विमा घेतात हे खरं, पण एक ट्रक चालवणारा मालक-ड्रायव्हर असता तर राज्याचा विजय कागदावरच राहिला असता. पायलट गाडीच्या विम्याची तर गोष्टच सोडा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर उंचीची मर्यादा ओलांडणाऱ्या लादणीसाठी २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. रेल्वे पुलाच्या आधी उभी असलेली लोखंडी आडवी कमान, हाइट गेज, हा आपला जुना उपाय. ती वाकलेली दिसते तेव्हा पूल वाचलेला असतो. स्कॅजिटवर काठी वायरलेसशी जोडलेली होती, आपल्याकडे कमान थेट गाडीच्या टपाशी बोलते. दोन्हींपैकी अधिक खात्रीची कुठली, हे मी ड्रायव्हरांना विचारून बघायचं म्हणतो.

पुढे

सप्टेंबर २०१३ मध्ये जो नवा गाळा बसला तो काँक्रीटच्या तुळयांचा. तुळया रस्त्याच्या खाली, डोक्यावर काहीच नाही, नुसतं आकाश. उरलेल्या तीन जुन्या गाळ्यांमधल्या कमानदार जोडण्याही नंतर बदलल्या, कडेच्या लेनवरही मधल्याइतकी उंची मिळेल अशा.

प्रतिवादींच्या वकिलाला यात आयता मुद्दा दिसेल: बघा, खात्याने स्वतःच कमानी काढल्या, म्हणजे त्या धोकादायक होत्या हे कबूलच केलं. पण वॉशिंग्टनच्या पुराव्याच्या नियमांत, नियम ४०७ नुसार, अपघातानंतर केलेली सुधारणा आधीचा निष्काळजीपणा सिद्ध करायला वापरता येत नाही. नाहीतर दावा चालू असेपर्यंत कोणी काही दुरुस्तच केलं नसतं. तेव्हा मंडळाचा अहवाल जसा दाराबाहेर राहतो, तशा सरळ केलेल्या त्या जोडण्याही. आज १५ फूट ११ इंचांची शेड लादलेला ट्रेलर त्या पुलावरून उजव्या लेनने, कडेने, सहज निघून जाईल. पायलटची काठीही कशाला टेकणार नाही.